यात्रेआधीचे खड्डे

चैत्र लागला की माझ्या आजोळी माणसं जमीन खणायला घेतात. शेत नव्हे, विहीर नव्हे. दारापुढचा नळ खणतात.

गाव कवठे महांकाळच्या पूर्वेला. पाण्याची टाकी गावाच्या एका टोकाला, मामाची गल्ली दुसऱ्या टोकाला. मधे जुनी लोखंडी लाईन, आणि तिला खेटून गटार. पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशीही आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. कमरेएवढ्या उंच नळाला तोंड लावून बसलं तर नुसता वारा येतो. मग माणूस तोटी काढून टाकतो, उभी नळी कापतो, खड्डा खणतो आणि नळाचं तोंड जमिनीच्या खाली नेतो. पाणी उताराकडं धावतं एवढं शास्त्र कुणालाही कळतं. पण तुमच्या खड्ड्यात पाणी आलं की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. मग तो तुमच्यापेक्षा वीतभर खाली जातो. पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्यापेक्षा. यात्रेला पाहुणे यायचे असतात, घागरी भरल्याच पाहिजेत, म्हणून ही स्पर्धा चैत्रात ऐन रंगात येते. गल्लीभर पहारीचा आवाज, उकरलेल्या मुरमाचा ओला वास, गच्च्यांवर वाळणाऱ्या कुरडया, आणि देवळावरच्या कर्ण्यातून वर्गणीची नावं.

मी साताऱ्यात वाढले आणि सांगलीत काम करते. काम म्हणजे पाणी, गटार, शौचालय या विषयावर गावोगाव जाणं, सभा घेणं, पत्रकं लिहिणं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर नवल वाटायला नको. पत्रकात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. ते सोडून लिहायचं म्हणजे मला चपला काढून डांबरावर चालल्यासारखं होतं.

परवा सांगलीत आमच्या खोलीसमोर कुणीतरी केबलसाठी रस्ता फोडत होतं. ऊन चढलेलं. पहार मुरमात घुसली, आणि तो वास आला. झालं. सुलीची ती यात्रा सगळी डोळ्यांपुढं उभी राहिली. ती यात्रा माझ्यासाठी एक तारीख नाही, एक ऋतूच आहे. दर वर्षी येतो, आणि दर वर्षी तोच येतो.

सुली माझी मामेबहीण. आम्ही एका वयाच्या. लहानपणी मे महिन्यात एका ताटात जेवायचो आणि एकमेकींच्या वेण्या ओढायचो. तिला दिली कृष्णाकाठी, कराडच्या खाली, उसाच्या मुलखात. नवरा फौजेत. मामाही फौजेतलाच, सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला. गल्ली त्याला सुभेदारच म्हणते. मामाचं सगळं शिस्तीत. गल्लीतलं पहिलं शौचालय त्यानं बांधलं, सुली शाळेत होती तेव्हा. "माजी पोरगी डबडं घेऊन रानात जानार न्हाई," असं म्हणून. त्या काळात लोक त्याला हसले होते. आणि त्याचा नळाचा खड्डाही तसाच शिस्तीचा. आतून विटांनी बांधलेला, उतरायला पायऱ्या, वर झाकायला शहाबादी फरशी. मामा त्याला बंकर म्हणायचा. सणासुदीला मामी त्या फरशीवर रांगोळी काढायची.

त्या वर्षी मी पोचले तर मामा बंकरात उतरलेला. नुसतं टक्कल दिसत होतं. वर समोरची हौसाक्का कमरेवर हात ठेवून उभी. हौसाक्का गल्लीतली सगळ्यात म्हातारी, आणि तिची जीभ तिच्याहून तरुण.

"आवं सुभेदार, आता काय पाकिस्तानात निगताय व्हय?"

"हौसाक्का, तुमचा खड्डा माज्यापेक्षा खोल हाय. तुमी आदीच पोचलाय तितं." मामा आतून बोलला.

"मग? माज्याकडं तीन लेकी यायच्या, जावई यायचं. त्यास्नी काय वारा पाजू?"

मामाचा जोर का चढला होता, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सुली येणार होती. पहिलटकरीण, सातवा लागलेला, बाळंतपण माहेरी. तिच्या सासूनं तिला सोडताना मामीला म्हटलं होतं, "तुमच्याकडं पान्याची बोंब, पोरगी ऱ्हाऊ दे की हितंच." मामीला ते लागलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. दुष्काळी असलो म्हणून काय झालं? लेकीला न्हाऊ घालायला दोन घागरी पाणी नाही, असं विहिणीनं म्हणावं? म्हणून मामा बंकर खोल करत होता. बाळाच्या आंघोळीचं पाणी तो खणून काढत होता.

सुली आली. फुगलेलं पोट, हातात हिरवा चुडा, चेहऱ्यावर उन्हाचा शीण. मामीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि हातात तांब्या दिला. सुलीनं तो उभ्याउभ्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे पानी! आमच्याकडलं नुसतं मचूळ. उसाच्या खताचा वास येतो." मग मला बघून हसली. "आली का पुढारीण! आनलीस का पत्रकं? आन, आन. लाडूच्या डब्यात घालायला कागद न्हाईत."

आणि खरंच घातली तिनं. 'शुद्ध पाणी, निरोगी गाव!' या ओळीवर डिंकाचे लाडू. मीही एक खाल्ला.

दुपारी पाणी सुटलं की गल्लीचा रंग बदलायचा. सगळ्या फरशा बाजूला. सगळ्या बायका खड्ड्यात अर्ध्या. खालून डबा वर, वरून घागर खाली, कुणाचा पदर भिजलेला, कुणाची बांगडी फुटलेली. आणि गप्पा, शिव्या, हसणं. मी पाहिलेला सगळ्यात आनंदाचा कामाचा प्रसंग म्हणजे तो. हे मला पत्रकात कधी लिहिता आलं नाही, कारण पत्रकात खड्डा म्हणजे नुसता धोका असतो. तिथं बसलेल्या बाया दिसत नाहीत.

मग पाणी बंद व्हायचं. आणि तेव्हा एक आवाज यायचा. खड्ड्याच्या तळाला जे पाणी सांडून साचलेलं असायचं, ते नळाच्या तोंडातून उलटं आत जायचं. गुळगुळ करत. कुणीतरी खालून नळीनं ओढून घेतल्यासारखं. तळाचा चिखल, बायकांच्या पायांची माती, विटांच्या फटींतून पाझरलेला गटाराचा ओलावा, सगळं आत.

मी मामाला विचारलं, "मामा, ते पाणी कुठं गेलं?"

"कुटं जाईल? लाईनीत गेलं."

"आणि लाईनीतलं पुढच्या वेळी कुठं जातं?"

"आपल्याच घागरीत की! थेंब वाया जात न्हाई." मामा अभिमानानं म्हणाला.

गावाच्या वेशीवर बोर्ड आहे, गाव हागणदारीमुक्त असल्याचा. खोटा नाही तो बोर्ड. घरोघर शौचालयं आहेत. पण मुरमाड जमीन, लहान वाड्या, दाटीवाटीची घरं. शौचालयाच्या टाक्या उथळ, आणि भरल्या की त्यांचं पाणी जावं म्हणून प्रत्येकानं एक नळी काढून दिलेली. कुठं? गटारात. गटार कुठं? पाण्याच्या लाईनीला खेटून. म्हणजे झालं काय, की जे माणसं पूर्वी गावाबाहेर टाकून यायची, ते आता त्यांच्या दारातून वाहत होतं, विटांच्या फटीतून खड्ड्यात उतरत होतं, आणि नळातून परत घरात येत होतं. हागणदारी संपली नव्हती. ती जमिनीखालून आत आली होती. सरकारनं संडास दिले आणि संडासाच्या पुढचं काही दिलं नाही. बटण शिवलं, सदराच नाही.

मी त्या दिवशी हे सगळं बोलले. जेवताना बोलले, तोही एक गुन्हाच. मामी म्हणाली, "बाय, घास तरी गिळू दे." सुली हसून हसून पोट धरत म्हणाली, "पुढारीण, माज्या पोराच्या कानात पयलं भाषान तूच कर."

यात्रा झाली. पालखी निघाली, गुलाल उधळला, कुस्त्यांच्या मैदानात हलगी घुमली. पाळणे फिरले. गाड्यावर लाल-केशरी गारीगार. घरोघर रश्श्याची भांडी उकळत होती, आणि प्रत्येक पाहुण्यापुढं पहिला पाण्याचा तांब्या. आत या, पाणी घ्या. या मुलखात पाण्याला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. रश्श्याचं पाणी उकळलं, तांब्यातलं नाही उकळलं. एवढाच फरक होता.

पाहुणे पांगले. मी सांगलीला परतले. वैशाख सरत आला, आणि गल्लीत आधी पोरांच्या अंगात कणकण, मग डोळे पिवळे. पोरं चार दिवस लोळली, उठली, पुन्हा विटी-दांडू खेळायला लागली. काविळीची साथ दर वर्षीच येते, जाते. उन्हाची आहे, म्हणाले लोक. आंब्याची आहे, म्हणाले.

सुलीचं जेवण तुटलं. फोडणीच्या वासानं उलटी यायची. अंग मोडून यायचं. दिवसभर पडून राहावंसं वाटायचं. आता सांगा, गरोदर बाईला उलटी आली, थकवा आला, तर कुणाला काय वाटेल? माझ्या मामीनं दोन लेकरं जन्माला घातली होती. तिला वाटलं, होतंच असं. आणि मग सुलीचा चेहरा, गळा, हाताचे तळवे पिवळसर झाले, तेव्हा हौसाक्का तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "बघ गं, कशी हळद चढलीया पोरीवर! तेज आलंय. लक्षुमी हुनार."

हे वाक्य मला विसरता येत नाही. मूर्खपणाचं नाही ते वाक्य. इतकं मायेचं वाक्य मी फार कमी ऐकलंय.

तेज नव्हे, कावीळ आहे, हे कळलं तेव्हा मामी तिला माळ घालायला घेऊन गेली. शेजारच्या गावात एक जण कसल्याशा काड्यांची माळ दोऱ्यात गुंफून डोक्यावर ठेवतो. माळ हळूहळू मोठी होते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. जसजशी माळ उतरेल तसतशी कावीळ उतरते, असा विश्वास. मामानं उसाचा रस आणला, बर्फ घातलेला. काविळीला रस चांगला म्हणतात. बर्फ कुठल्या पाण्याचा होता, ते विचारण्याची रीत नाही.

मामाचा फोन आला म्हणून मी गेले. दुपारची वेळ. सोप्यात सुली पडलेली. गळ्यात माळ. मामीचा चेहरा खुललेला.

"बघ, गळ्यापातुर उतरली. आता छातीखाली गेली की सुटली."

"मामी, तिचे डोळे बघा."

"माळ बघ की तू."

"मामी, काड्या ओल्या असतात. वाळल्या की बारीक होतात, दोरा सैल पडतो. माळ म्हणून लांबते. कुणाच्याही गळ्यात लांबेल. खुंटीला अडकवली तरी लांबेल!"

"गप. तुजं पत्रक न्हवं हे. माजी लेक हाय ती."

मला राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. तेवढ्यात सुलीनं डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाली, "सकाळ झाली का गं? शाळेला उशीर हुईल." बाहेर टळटळीत ऊन होतं. मामी हसायला गेली आणि तिचं हसू मधेच थांबलं. मामा दारात उभा होता. त्यानं ऐकलं. खुंटीवरून गाडीची किल्ली काढली.

मिरजेला नेलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आमच्याकडं मरणाच्या दारातला माणूस मिरजेला नेतात. डॉक्टरीण वयानं आमच्याएवढीच होती. तिनं सुलीच्या पापण्या वर करून बघितल्या, नाडी बघितली, कागदावर काहीतरी भराभर लिहिलं आणि मामाला विचारलं, "घरी पाणी कुठलं पिता?"

"नळाचं, साहेब."

"वरच्या नळाचं की खड्ड्यातल्या?"

तिच्याकडं त्या भागातून आधीही पेशंट आले असणार. मामा सावधानच्या पवित्र्यात उभा राहिला. हात मांड्यांना चिकटलेले. ती म्हणाली, "ही कावीळ एरवी बरी होते हो. पण पोटात बाळ असताना..." आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं.

या आजारात औषधापेक्षा वाट बघणं जास्त असतं. सलाइनचे थेंब पडत राहतात, आणि बाहेर बाकावर माणसं बसून राहतात. सुलीची सासू आली. मला वाटलं आता भडका उडणार. "पोरगी ऱ्हाऊ दे हितंच," हे तिचं वाक्य सगळ्यांच्या डोक्यात होतं. मामानं उठून हात जोडले. "विहीनबाई, आमच्या घरचं पानी बाधलं पोरीला."

ती बाई मामाच्या शेजारी बाकावर टेकली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "आवं, पानी काय तुमच्या घरात उगवतं व्हय? बसा खाली. चा घ्या. तुमचं तोंड बगवंना."

बाळ दिवस भरायच्या आधी झालं. मुलगी. तिचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही. सुली शुद्धीवर आली तेव्हा तिनं पोटावरून हात फिरवला आणि मामीकडं बघितलं. मामीला काही सांगावं लागलं नाही. सुलीनं भिंतीकडं तोंड केलं आणि कितीतरी दिवस तसंच ठेवलं. पण ती जगली. हे मी दर चैत्रात स्वतःला बजावून सांगते. ती जगली.

मामा घरी आला त्या दिवशी त्यानं पहिलं काय केलं? बंकर बुजवला. विटा, पायऱ्या, सगळं आत लोटलं, वर मुरूम दाबला. नळाला नवी नळी जोडली आणि तोटी कमरेएवढी उंच केली. नियमात सांगतात तशी, माझ्या पत्रकातल्या चित्रात असते अगदी तशी. आणि मग पाणी सुटलं, तेव्हा त्या तोटीतून वारा आला.

बाकी गल्लीच्या खड्ड्यांत पाणी उड्या मारत होतं. सुभेदाराच्या वाटचंही त्यांच्याकडं गेलं होतं. मामा तोटीखाली घागर लावून उभा राहिला, उन्हात, पाणी बंद होईपर्यंत. मामी रानातल्या विहिरीवरून पाणी वाहत होती. शेजारचा एक जण म्हणाला, "सुभेदार, तुमी खड्डा बुजवला, त्याचं पुन्य आमाला लागलं." थट्टाच होती, वाईट भाव नव्हता. पण मामा घरात गेला आणि जेवला नाही.

मी इथं थांबते, कारण पुढचं मला शांतपणे सांगता येत नाही. मला शिकवलं होतं, लोकांच्या सवयी बदला. माझ्या प्रत्येक पत्रकात 'सवय' हा शब्द आहे. हात धुण्याची सवय, झाकण ठेवण्याची सवय. पण खड्डा ही सवय नाही हो! खड्डा ही तहान आहे. जो माणूस एकटा खड्डा बुजवतो तो शुद्ध पाणी पीत नाही, तो तहानेला राहतो. शहाण्यासारखं वागल्याबद्दल त्याला शिक्षा होते, आणि त्याच्या वाटचं पाणी आपोआप शेजाऱ्याकडं जातं. अशा जागी तुम्ही पत्रक वाटणार? टाकी मोठी हवी, लाईन नवी हवी, गटारापासून लांब हवी, पाणी रोज आणि जोरानं हवं. मग बघा कोण खणतं ते. हौसाक्काला काय खड्ड्यात उतरायची हौस आहे?

ग्रामसभेत मी हेच बोलले. वरून आलेले एक साहेब म्हणाले, लोकांचा सहभाग नाही. लोक? त्यांनी पहारीनं स्वतःचा नळ स्वतः खाली नेला, पदरच्या विटा घातल्या, संडास बांधले. याहून सहभाग तो काय असतो! मी ओरडले असेन. माईक बंद केला माझा. पण मागून हौसाक्काचा आवाज आला, तिला माईक लागत नाही: "सायेब, तुमी आमच्यात या यात्रंला. तांब्याभर पानी देते, पिऊन दावा."

साहेब हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

हौसाक्कानं दुसऱ्या दिवशी आपला खड्डा बुजवायला लावला. तिच्या लेकींनी समजावलं, तुझ्याच्यानं पाणी वाहवणार नाही. ती म्हणाली, "तेज चढलंय म्हनलं हुतं मी पोरीला." मग गल्लीत आणखी काही खड्डे बुजले. काही बुजले नाहीत. ज्यांनी बुजवले त्यांनी मिळून पाणी सोडणाऱ्याशी भांडून आमच्या गल्लीला वेगळी वेळ मागून घेतली, तेव्हा कुठं वरच्या तोटीतून करंगळीएवढी धार यायला लागली. पुढच्या गल्लीत मात्र अजून खणतात. वेशीजवळ नव्या योजनेच्या निळ्या नळ्यांचा ढीग पडलाय, कधीपासून. त्यात पोरं आरपार हाका मारतात.

आणि आता हा चैत्र. यात्रा पुन्हा तोंडावर. कर्ण्यावर वर्गणीची नावं. सुलीला पुन्हा दिवस गेलेत, सहावा सरतोय. बाळंतपण पुन्हा माहेरीच करायचं, पहिलं राहून गेलं म्हणून, असं रीतीप्रमाणं सगळे गृहीत धरून होते. सुली पण. तिनं फोनवर मामीला विचारलं, "आये, कवा येऊ गं मी?"

फोन स्पीकरवर होता. मी तिथंच होते. मामा दारात बसून चप्पल झटकत होता, नुसतीच, झटकायला काही नव्हतं तिला. मामीनं एकदा दाराबाहेर बघितलं. आमच्या गल्लीत धार बारीक, पण वरून येणारी. पुढच्या गल्लीतून पहारीचा आवाज येत होता. लाईन तीच.

"येऊ नगंस," मामी म्हणाली.

तिनं फोन तोंडाजवळ घेतला.

"यात्रंला बी येऊ नगंस, आन बाळातपनाला बी. मी येते तिकडं."

लेकीला माहेरी येऊ नको म्हणणारी आई मी पहिल्यांदा बघितली. मामीचा आवाज कापला नाही. फोन ठेवल्यावर तिनं पदरानं फोनची काच पुसली, दोनदा.

यात्रेच्या आदल्या दिवशी, गल्लीतल्या सगळ्या लेकी घरी येत होत्या तेव्हा, मामी लेकीकडं निघाली. मी तिच्याबरोबर. तासगावमार्गे एसटीनं, पलूसच्या पुढं ऊस लागला, तोडून नेलेल्या उसाच्या पाचटाचा जळका वास आला. कृष्णाकाठ हिरवागार. मामी खिडकीतून बघत म्हणाली, "पानी लय हाय नाय हिकडं?" मी म्हटलं, "लय आहे. आणि त्यात काय काय सोडतात तेही लय आहे. मासे मरून तरंगतात कधी कधी." ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. पण ऐकलं होतं.

सुली दारात उभी होती. मामीला बघून ती रडली नाही, हसली. गाल भरलेले होते. विहीणबाईंनी आत सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या-भांडं आणून मामीपुढं धरलं.

आणि मामी थांबली.

आमच्याकडं जुनी माणसं पाळतात. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. सुलीच्या लग्नानंतर मामा-मामी जेव्हा कधी तिच्याकडं गेले, तेव्हा घोटभर पाणी न पिता उन्हातान्हात परत फिरले. विहीणबाईंनाही ते ठाऊक होतं. तांब्या धरायची रीत असते म्हणून त्यांनी धरला होता. आता त्या तो खाली ठेवणार, एवढ्यात मामीनं हात पुढं केला. आणि जे या मुलखात कुणी पाहुणा विचारत नाही, विहिणीच्या घरी तर नाहीच नाही, ते तिनं विचारलं.

"उकळलंय न्हवं?"

विहीणबाई क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनी भांडं भरलं. "उकळून, गाळून, गार केलंय. रोज सकाळी सुलीच्या देकत करते. या घरात दुसरं पानीच न्हाई आता."

मामीनं भांडं घेतलं. सुली उंबऱ्यात उभी राहून बघत होती, एक हात पोटावर.

मामी सगळं पाणी प्याली.